मुठीतला खटका

आमच्या घरात त्या दिवसांत कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायचे. नवरा सासऱ्यांच्या हातांकडे, सासरे नवऱ्याच्या, आणि मी आळीपाळीने दोघांच्या. वर आपण बघितलंच नाही असं दाखवायचं, हे आणखी एक काम. मला मुळात एका जागी बसवत नाही, त्यात हे. मी पुसलेलं टेबल पुन्हा पुसायची आणि धुतलेले कप पुन्हा धुवायची.

माझा नवरा कार्पेट बसवतो. ऑफिसांत, हॉटेलांच्या लांबलचक बोळांत भिंतीपासून भिंतीपर्यंत जे जाड कार्पेट असतं, ते काही तिथे आपोआप उगवत नाही. कुणीतरी गुडघ्यांवर बसून ते ताणत, दाबत, कडेकडेने कापत न्यावं लागतं. त्यासाठी कटर लागतो. पुढे बदलता येणारं पातं आणि मागे जाड मूठ. काम झालं की पातं मुठीत मिटायचं आणि खिशात टाकायचं. नवरा डावरा आहे. एरवी डावऱ्याला लोक नावं ठेवतात, पण या धंद्यात त्याला भाव आहे. खोलीची एक बाजू अशी असते की तिथे उजव्या हाताने कापणाऱ्याची बोटं भिंतीवर खरवडून निघतात. ती बाजू डावऱ्याची. यांच्या टोळीत डावरा हा एकटाच, आणि त्याचा उजवा जोडीदार म्हणजे माझा धाकटा भाऊ. दोघं समोरासमोरच्या भिंतींनी निघतात. काम करताना एक अक्षर बोलत नाहीत आणि घरी आले की भांडतात, अशी ती जोडी.

काही महिन्यांपूर्वी कंपनीने सगळ्यांचे जुने कटर पत्र्याच्या एका डब्यात गोळा करून नेले. त्यांना लॉक नव्हतं. नवीन सुरक्षित कटर आले. पातं उघडलं की खट्‌कन अडकून बसणारे. मुठीच्या एका अंगाला गोल खटका. तो अंगठ्याने दाबला की पातं सुटतं आणि मिटतं. नवऱ्याचा जुना कटर सासऱ्यांनी दिलेला होता, तेही याच धंद्यातले. त्या बिनलॉकच्या कटरने नवऱ्याला इतक्या वर्षांत साधं ओरबाडलं नाही. हा सुरक्षित कटर मात्र दोनदा मिटला. भर ओढीत, कापता कापता. पहिल्यांदा हातमोज्यावर निभावलं. दुसऱ्यांदा मोजा काढलेला होता आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना टाके पडले.

तसलाच कटर माझा भाऊ वापरतो, टोळीतले सगळे वापरतात. कुणाचा मिटला नाही. मुकादमाने काय म्हणायचं ते म्हणून टाकलं, "हात सुटतोय तुझा."

हे वाक्य आमच्या घरात याआधीही येऊन गेलं होतं. सासऱ्यांच्या बाबतीत. त्यांचे हात आता इतके थरथरतात की शर्टाची बटणं मी लावते. पण त्याची सुरुवात अशीच झाली होती. हत्यार मुठीत असायचं आणि मूठच ऐन वेळी दगा द्यायची. नवरा तेव्हा त्यांच्याच हाताखाली काम शिकत होता, त्याने ते सगळं जवळून पाहिलं होतं. त्यामुळे मुकादम बोलला ते ऐकून तो भांडला नाही, चिडला नाही. घरी आला आणि खिडकीशी उभा राहून पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात धरून बघत राहिला. हवा बघतोय म्हणाला. मी म्हटलं, हवा बघायला पेला कशाला लागतो? त्याने पाणी पिऊन टाकलं.

"डॉक्टरला दाखवू," मी म्हणाले.

"नको."

"का नको?"

"त्यांनी नाव घेतलं की ते होऊन बसेल. आत्ता निदान नुसती शंका आहे."

आता अशा माणसापुढे काय बोलायचं? मी बोलले म्हणा भरपूर, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

सासऱ्यांचं तर मला बघवेना. नवऱ्याला टाके पडल्यापासून त्यांनी हात शालीखाली घातले ते बाहेर काढायलाच तयार नाहीत. पूर्वी सकाळी आमच्याबरोबर टेबलावर बसायचे. सांडू नये म्हणून मी त्यांना अर्धाच कप चहा द्यायची, तो ते दोन्ही हातांनी धरून कसाबसा तोंडाशी न्यायचे आणि वर मुकादमांच्या नकला करायचे. आता चहा खोलीत मागवतात. एकदा मी कप ठेवून वळले, तर मागून हळूच म्हणाले, "सूनबाई, माझंच गेलं ना त्याच्याकडे?"

"काहीही काय बोलता, बाबा?"

"बापाकडून घेण्यासारखं दुसरं होतं की. मला गाता येतं."

त्यांना अजिबात गाता येत नाही. मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बोलणंसुद्धा जड झालं होतं. एरवी कळत नाही, पण आपल्या बोलण्यात हाताशिवाय पान हलत नाही. 'हात लाव जरा' म्हणायची सोय राहिली नाही. 'हातासरशी करून टाक' म्हटलं की दोघं गप्प. जेवायला आलेल्या शेजारणीने कुणाबद्दल तरी "त्याचा हातखंडा आहे हो" म्हटलं, तर मी तिच्यापुढचं ताटच उचललं. बिचारी अजून जेवत होती.

आणि सोमवार येऊन ठेपला होता. एका वाचनालयाच्या मोठ्या दालनात काम लागणार होतं. मुकादमाने सांगून ठेवलं होतं, "माझ्यासमोर एक लांब भिंत काप. नीट झाली तर तू आहेस तिथे. नाहीतर कार्पेटचे रोल उचलायला लाग, कापायला मी दुसरा बघतो. कटर स्वतःचा आणायचा असेल तर आण, पण लॉकवाला."

रोल उचलणं म्हणजे काही गुन्हा नाही. पण नवरा त्या दिवशी रोल उचलायला लागला, की त्याच संध्याकाळी तो मनाने सासऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसणार होता, हे मला दिसत होतं. हाताचं काय व्हायचं ते पुढे होवो न होवो, माणूस आधीच गेला असता.

म्हणून मी ठरवलं, दोष त्या कटरचाच आहे. ठरवलं म्हणजे हट्टच धरला. कंपनीने स्वस्तातला माल उचलला असणार, लॉक ढिलं असणार. भावाचा मिटला नाही हे त्याचं नशीब. चांगल्यातला चांगला, मजबुतातला मजबूत कटर आणायचा की प्रश्न मिटला.

शनिवारी लाँड्रीतून सुटले ती तडक हत्यारांच्या दुकानात. मी एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करते. ओल्या चादरी ओढून ओढून माझ्या पंज्यांत जोर आलाय, त्यामुळे कटरची परीक्षा घ्यायला मी कुणाला हार जाणार नव्हते. दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर आणि बोलणं सावकाश. त्याने काचेवर कापड पसरलं आणि एकेक कटर मांडला.

मी प्रत्येकाचं पातं उघडून आधी हलवून बघायची. मुठीत जरा जरी डुगडुगलं तरी बाद. प्लास्टिकची मूठ दिसली की बाद.

"प्लास्टिकला काय झालं?" दुकानदार म्हणाला. "हलका असतो. हात दुखत नाही."

"फरशीवर पडला की तडकतो."

"पाडायचा कशाला?"

"काका, माणूस दिवसभर गुडघ्यांवर सरकत असतो. त्याच्या खिशात काही राहत नाही."

त्याने प्लास्टिकचे गोळा करून बाजूला ठेवले. एकाचं पातं बदलायला स्क्रू काढावा लागत होता. म्हणजे अर्ध्या कामात पातं बोथट झालं की हा पेचकस शोधत बसणार, शोधायचा कंटाळा करणार आणि बोथट पात्यानेच जोर लावणार. अपघात तिथेच होतात. तो बाद. एक अगदी देखणा होता, मूठ आरशासारखी गुळगुळीत. घामाच्या हातात तो साबणासारखा निसटला असता. तोही बाद.

"बाई," दुकानदार म्हणाला, "तुम्ही कटर बघताय की मुलीसाठी स्थळ?"

"स्थळ असतं तर एवढं बघितलं नसतं."

शेवटी एक उरला. पोलादी मूठ, बोटांसाठी खाचा, पातं बदलायला नुसतं चिमटीत धरून ओढायचं, आणि लॉक असं की पातं उघडताना दार लागल्यासारखा आवाज. खटका बाजूलाच, पण कंपनीच्या कटरपेक्षा दुप्पट जाड. मी पात्याची पाठ टेबलाच्या कडेला टेकवून अंगातला सगळा जोर लावला. मिटेना. दुकानदाराने कार्पेटचा तुकडा दिला, तो मी उभा आडवा कापला, कापून त्याच्या चिंध्या केल्या. कटर जसाच्या तसा.

"हा मिटणार नाही," दुकानदार म्हणाला. "माझी जबाबदारी."

किती बरं वाटलं मला. घरी येताना बसमध्ये मी पिशवीत हात घालून तो धरून ठेवला होता, जणू कुणी ओढून नेणार होतं.

रविवारी सकाळी भाऊ आला. बाहेरच्या खोलीत फळीवर कार्पेटचा तुकडा ठोकला. सासरे दाराशी खुर्ची घेऊन बसले, हात शालीत. भावाने आधी कापून बघितलं आणि शीळ घातली.

"ताई, असा कटर मुकादमाकडेसुद्धा नाही. भाऊजी, धरून तर बघा."

नवऱ्याने चामड्याचा हातमोजा घातला. कटर उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी थोडी गंमत दिसली. गुडघे टेकले, पट्टी लावली, पातं रुतवलं आणि ओढलं. वीतभर गेलं असेल, जोर लागला, आणि पातं मिटलं. मोज्यावर बसलं. जखम झाली नाही. आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

माझा भाऊ जमिनीकडे बघायला लागला. भाऊ नेमका तेव्हाच जमिनीकडे का बघतो, याचा मला एवढा राग आला की काय सांगू. सासरे उठले, खुर्ची तशीच टाकून खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

नवऱ्याने मोजा काढला, बोटं उघडून मिटून बघितली. मग शांतपणे म्हणाला, "मी उद्या सांगतो मुकादमाला. रोल उचलीन."

"एकदा आणखी बघ."

"काय बघू? कटर चांगला आहे गं. तू चांगलाच आणलास."

हे त्याने इतक्या मऊ आवाजात म्हटलं की माझा पारा चढला. तो ओरडला असता, कटर भिंतीवर फेकला असता तर मी त्याची समजूत घातली असती. समजूतदार माणसाची समजूत कशी घालायची? मी कटर उचलला, त्याचा हातमोजा उचलला आणि चपला घालून बाहेर पडले. कुठे म्हणून भावाने विचारलं. भांडायला, म्हणाले.

रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. दुकानदार एकटाच खिळे निवडत बसला होता. मी कटर त्याच्यापुढे आपटला.

"तुमची जबाबदारी मिटली बघा. पहिल्याच फटक्यात."

त्याने चष्मा खाली घेतला. कटर उघडला, पाठ टेकवून दाबला, हलवला, लॉकमध्ये डोकावून बघितलं. "ठीक आहे हा."

"ठीक असता तर मिटला असता का?"

"आपणहून नाही मिटत, बाई. धरणाऱ्याचं काहीतरी चुकलं असेल."

मला हेच नको होतं ऐकायला. मुकादम तेच, कंपनी तेच, आता हाही तेच. "काही चुकलं नाही त्याचं. सगळं आयुष्य गेलंय त्याचं कापण्यात. तुम्ही होतात तिथे? मी होते. असा बसला, अशी पट्टी धरली..."

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "दाखवायचंच तर नीट दाखवा. पण हातमोजा घाला आधी. रक्त सांडायला हे दुकान नाही."

मी मोजा चढवला. नवऱ्याचा, डाव्या हाताचा, तोच तर बरोबर होता. दुकानदाराने लाकडाच्या ठोकळ्यावर कार्पेटचा तुकडा टाकला. रागाच्या भरात मी नवऱ्याची हुबेहूब नक्कल केली. तो डावा खांदा कसा पुढे घेतो, जीभ कशी दातांत धरतो, ते सगळं. डाव्या मुठीत कटर आवळला, पातं रुतवलं आणि माझ्याकडे वळवून ओढलं.

पातं मिटलं. सरळ येऊन मोज्यावर बसलं.

खरं सांगते, पहिला विचार आला तो हा, की माझाही हात गेला. इतके दिवस घरात दुसरं काही नव्हतंच मनात. मग मी मोजा काढला, कटर उजव्या हातात घेतला आणि ओढला. नाही मिटला. पुन्हा मोजा घालून डाव्या हातात घेतला. मिटला.

"इकडे द्या," दुकानदार म्हणाला. त्याने ड्रॉवरमधून आपला मोजा काढला. त्याच्याही डाव्या हातात कटर मिटला. मग त्याने मूठ आवळलेला तो हात उजेडाकडे वळवला आणि आम्ही दोघांनी डोकं घालून बघितलं. उजव्या हातात धरला की खटका अंगठ्याच्या बाजूला येतो, आणि जोर लावताना अंगठा तर वर मुठीच्या पाठीवर असतो, त्यामुळे खटक्याला काही शिवत नाही. डाव्या हातात धरला की तोच खटका तळव्याकडे जातो, पहिल्या बोटाच्या मुळाशी. मूठ जितकी घट्ट, तितका तो दाबला जाणार. हात सुटत नव्हता. हात घट्ट धरत होता म्हणून कटर मिटत होता.

मी स्टुलावर बसले. हसू येत होतं, आणि कुणाला तरी चार शिव्या घालाव्याशा वाटत होत्या. स्वतःलाच आधी. काल मी त्या कटरची केवढी परीक्षा घेतली होती, सगळी उजव्या हाताने. माझा भाऊ नवऱ्याच्या समोरच्या भिंतीला रोज बसतो, त्याला सुचलं नाही. डावऱ्यालाच भाव देणाऱ्या त्या धंद्यात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. खुद्द नवऱ्याच्याही नाही.

"इतकी वर्षं हे विकतोय," दुकानदार म्हणाला. तो माझ्यापेक्षा जास्त हादरला होता. "एकाही डावऱ्याने तक्रार केली नाही."

"कशी करणार? त्यांना वाटलं असेल, आपलाच हात वाईट."

त्याने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि खालच्या खणात हात घालून खूप वेळ काहीतरी उपसलं. शेवटी एक कटर काढला. भडक नारिंगी रंगाचा, धुळीने माखलेला. याचं लॉक बाजूला नव्हतं, मुठीच्या पाठीवर होतं, अगदी मागे शेपटाकडे. मिटायचा तर तिथे मुद्दाम बोट नेऊन दाबावं लागतं.

"रंगामुळे कुणी घेत नाही," तो म्हणाला. "पण उजवा, डावा, दोघांना सारखा."

या वेळी मी आधी डाव्या हाताने बघितलं. ओढलं, पिळलं, पाठ टेकवून दाबलं. मग त्याने बघितलं. मग पुन्हा मी. पातं डुगडुगत नव्हतं, मूठ धातूची होती आणि तिला खरखरीत रबर होतं. दिसायला अगदीच भिकार होता. मला त्याच्याइतकं सुंदर काही दिसलं नव्हतं.

घरी आले तेव्हा नवरा आणि भाऊ तसेच बसलेले. मला घाईने सगळं सांगून टाकायचं होतं, ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याने हात वर केला.

"आता मला समजावू नकोस. झालं ते झालं."

"नाही समजावत," मी म्हणाले.

फळीशी बसले, डाव्या हातात मोजा घातला, तो पोलादी कटर आवळला आणि ओढलं. पातं मिटलं. मी मूठ तशीच त्याच्या डोळ्यांपुढे नेली.

"मग मलाही लागलं का बाबांचं?"

मी भावाकडे मोजा फेकला. "तू कर. डाव्या हाताने." त्याने केलं, त्याचाही मिटला. भावाने एकदा कटरकडे बघितलं, एकदा भाऊजींकडे, आणि त्याचा चेहरा पडला. "भाऊजी, मुकादमाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, हो, हल्ली हात सुटतो त्यांचा. मीच म्हटलं." नवऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने मोजा न घालता तो कटर डाव्या मुठीत हळूच धरला, पातं कशाला न लावता मूठ आवळली, आणि बोटाच्या मुळाशी खटका आत जाताना त्याला जाणवला असणार, कारण तो तिथेच थांबला. मूठ सैल केली. पुन्हा आवळली. असं तो कितीतरी वेळ करत होता.

मग मी नारिंगी कटर पुढे केला.

"हा काय रंग आणलास," तो म्हणाला.

"कार्पेट काप. त्याच्याशी लग्न नाही लावायचं तुला."

त्याने कापलं. एका ओढीत, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्टीसुद्धा घेतली नाही. कड अशी निघाली की भावाने तिच्यावरून बोट फिरवलं आणि दुसरा तुकडा ठोकायला घेतला. नवऱ्याने तोही कापला. मग तिसरा. आता त्याला थांबवणं कठीण होतं, खोलीभर पट्ट्या पडल्या. मध्येच तो एकटाच हसला.

"उद्या मुकादमाच्या हातात देतो त्याचा सुरक्षित कटर. डाव्या हातात. म्हणतो, काढा साहेब एक भिंत."

"मोजा घालायला सांग त्यांना," भाऊ म्हणाला.

मला माहीत आहे, याने पुढचं काही ठरत नाही. सासऱ्यांचं नवऱ्याकडे येईलही कधी, आणि आलं तर डॉक्टरकडे मी त्याला कानाला धरून नेईन. पण ते अजून आलेलं नव्हतं. इतके दिवस आम्ही नसलेल्या पाहुण्याचं ताट वाढून बसलो होतो.

मी चहा ठेवायला उठले, तर सासरे दारात उभे. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. सगळं ऐकलं होतं त्यांनी, चेहऱ्यावरून कळत होतं. ते सावकाश येऊन टेबलाशी बसले. शाल खांद्यावरून काढली, खुर्चीच्या पाठीला टाकली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. हात थरथरत होते, बोटं लाकडावर टकटक वाजत होती. त्यांनी ती वाजू दिली. नवरा समोर बसला आणि तोही त्या हातांकडे सरळ बघत होता.

मी चहा आणला. सासऱ्यांचा कप नेहमीसारखा अर्धा भरला आणि किटली उचलली.

"पूर्ण भर," सासरे म्हणाले.

"सांडेल, बाबा."

"सांडू दे की. सांडला तर माझ्या हाताने सांडेल. पोराचा काय संबंध?"

मी काठोकाठ भरला. त्यांनी दोन्ही हातांनी कप उचलला. अर्धा तोंडात गेला, अर्धा टेबलभर झाला, वाहत वाहत त्या नारिंगी कटरपर्यंत आला. नवऱ्याने कटर बाजूला ठेवला, फडकं घेतलं आणि टाक्यांच्या खुणा असलेल्या डाव्या हाताने टेबल पुसायला लागला. त्याचं पुसून होतंय तोच सासऱ्यांनी कप माझ्यापुढे केला आणि आणखी मागितला.